बर्फाच्या कारखान्यावरची खोली

वेंगुर्ल्याच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या माथ्यावर
एक खोली होती. भाडं साठ रुपये.
खाली लाद्या फुटायच्या, वर जमीन थरथरायची.
तिथे खवणेकर बाई बसायच्या, फरशीवर,
डॉक्टर असून खुर्ची नाही.
गाव म्हणायचं, एवढी शिकली आणि भातुकली मांडून बसली.
मीही म्हटलं होतं. लिलावाच्या ओट्यावर, मोठ्याने.

मग माझीच पाळी आली.

मिरजेच्या इस्पितळात सतरा महिने काढून
मी परतले तेव्हा वैजू अडीच वर्षांची,
आणि मला "गे बाय" म्हणायची,
दारात पाणी मागायला आलेल्या कुणालाही म्हणावं तसं.
रडली असती तर बरं होतं.
पडली, गुडघा फुटला, तरी कुणाकडे न बघता
आपल्याच फ्रॉकाने रक्त पुसायची.
उभादांड्याच्या वन्सं म्हणाल्या, किती शहाणी पोर.
बाई म्हणाल्या, "एवढं शहाणपण या वयाला जड आहे."

खोलीत पत्र्याची परात, परातीत सागरेश्वरची वाळू,
सावंतवाडीचे लाकडी आंबे, एकाचा रंग चाटून गेलेला,
करवंट्या, जाळ्याचा तुकडा, माडाच्या पोयीची होडी.
मला नेम दोनच: शिकवायचं नाही, विचारायचं नाही.
हा रंग कुठला, हे किती झाले, काही नाही.
ती करते ते बघायचं,
आणि बघतेय हे तिला कळू द्यायचं.
सांगते, डोक्यावर पाटी घेऊन शिरोड्यापर्यंत चालणं सोपं.

चार सोमवार वैजूने माझ्याकडे पाठ करून
होडी पुरली. काढली. पुरली.
बाई हलक्याने बोलत राहायच्या,
कुणी वाऱ्याची दिशा सांगावी तसं:
होडी गेली.
दिसत नाही.
अजून दिसत नाही.

पाचव्या सोमवारी तिने मला पडद्यामागे ढकललं.
"लप."

मी लपले. ती शोधायला आलीच नाही.
फटीतून पाहिलं, करवंटीत वाळूचा भात रांधत होती
निवांत, जणू त्या घरात पहिल्यापासून एकच माणूस.
माझा पाय पुढे झाला, तशा बाई पडद्याशी आल्या
आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या,
"सापडायची घाई करू नका, शेवंती.
तिने किती वाट बघितलीय."

मी थांबले.
खाली ट्रक लागला, भरला, गेला.
अमोनियाच्या वासाने घसा खवखवला. दाबला, दाबला,
आणि शेवटी खोकला आलाच,
तोच जुना, मिरजेला जायच्या आधीचा,
रात्रभर पाळण्याशेजारी वाजणारा.

करवंटी पडल्याचा आवाज.
पडदा वर झाला. हसली नाही.
"खंय होतंस?" म्हणाली,
आणि हातातला लाकडी आंबा माझ्या नडगीवर हाणला.
परत हाणला.
मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खरं तेच सांगा."
"मिरजेक होतंय," मी म्हटलं. "तुका सोडून."
मग ती रडली. एवढ्याशा छातीत मावेल त्याहून जास्त.
बाईंनी तिला उचललं नाही. मला खाली बसायची खूण केली,
आणि स्वतः उठून उगाच खिडकीची कडी लावत बसल्या
जी कधी लागतच नसे.

पुढे पुण्याहून माणसं आली, कॅमेरा आला,
बाईंच्या पद्धतीला लांबलचक नाव मिळालं.
जाड बांधणीच्या त्या अहवालात
मी आहे म्हणे. आई क्रमांक चार.
"प्रगती समाधानकारक" असं लिहिलंय.
वैजूला वाचून दाखवलं तर म्हणाली, कोणाची?
अजून रुसली की आठ-आठ दिवस फोन उचलत नाही,
मी वाजवत राहते.

पण त्या सोमवारी घरी येताना
ती माझ्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून,
आणि नडगीवर आंब्याएवढा वळ होता, निळा.
वन्सं म्हणाल्या, हळद लाव.
मी लावली नाही.
चार दिवस लुगडं जरा वर खोचून मासळी विकली,
कुणी विचारलं तर सांगायचे,
"माज्या चेडवान मारल्यान."