दोन भोकांचा राजा

खड्डा क्रमांक तीन. एक मीटर चाळीस खाली,
राखेच्या थरात
फुलवंता उकेच्या चाळणीत
राजा अडकला.

रुपयाएवढा. भाजल्या मातीचा.
नातवाचं नाक पुसावं
तसा तिनं पदरानं त्याचा चेहरा पुसला.
"कोन होय जी हा? नाक त पाहा, पोपटावानी."

मी नोंदवहीत लिहिलं : रोमन नाण्याची नक्कल, मृण्मय.
मग सांगितलं तिला, मला येतं तेवढं.
समुद्रापल्याडच्या राजाला सगळीकडे जाणं जमत नसे,
म्हणून तो आपलं डोकं सोन्यावर उमटवून पाठवायचा.
स्वतः म्हातारा झाला, तरी नाण्यात कोवळाच.
लढाई कशीही होवो,
मागल्या बाजूला पंखवाली बाई हार घेऊन उभी.
धान्य महागलं की कणसं छापायची.
कडेनं अक्षरं : देवाचा मुलगा, देशाचा बाप.
मीठ आणायला जा,
राजाच द्यायचा, सुटे म्हणून राजाच परत घ्यायचा.

"मंग इथं कसा आला?"

कापडाच्या बदल्यात. गलबतातून,
मग बैलाच्या पाठीवरून वैनगंगेच्या काठाला.
इथल्या कुंभारानं पाहिला असेल, कुणा सावकाराच्या तळहातावर,
घटकाभर.
सोनं नव्हतं त्याच्याकडे. चिखल होता.
नाक जमलं. अक्षरं येत नव्हती,
तर कडेनं त्यानं मुंग्या काढल्या.
देवाचा मुलगा : मुंगी, मुंगी, मुंगी.
आणि डोक्याच्या वर दोन भोकं.

फुलवंता ती उजेडात धरते.
"दोरा ओवाले," म्हणते.
"लेकराच्या गयात. नजर लागू नये म्हून."

माझी पेन्सिल थांबते.
अहवालात 'लटकन' एवढाच शब्द आहे.
हनुवटीपाशी तो झिजलाय.
दात येताना चावला असेल कुणीतरी
पृथ्वीच्या मालकाला.

दुपारी बाभळीखाली ती पिशवी अंथरते,
फुकट धान्याची, नायलॉनची.
पिशवीवर हात जोडून हसणारा एक चेहरा,
खालची ओळ उन्हानं अर्धी खाल्लेली.
डब्यात भात, लाखोरीची डाळ.
बसता बसता ती जरा सरकते,
"तोंडावर कायले बसाव," म्हणते,
आणि खांद्यावर बसते.

राजाला मी कापसात गुंडाळतो.
क्रमांक दोनशे सतरा.
झाकण लावताना तिचा आवाज येतो मागून,
"दोरा त सडला असन.
लेकरू जगलं असन का जी?"

तोवर पुढचं घमेलं
तिच्या चाळणीत ओतलेलं असतं.