चुकीच्या रंगाचा उंट

सूरच्या क्लबात डाव लागतात रात्री साडेदहाला,
तरावीह आटोपल्यावर.
टेबल अकरा. माझ्याकडे काळी.
समोर सालिम बिन खमीस, कस्टममधून निवृत्त,
दिशदाशाच्या बाहीला अत्तर,
घड्याळ दाबतो ते करंगळीने.

त्याचा उंट सी-चारवर आला.
मी कागदावर लिहिलं, उं.
त्याने उजवीकडून लिहायला घेतलं: फील.
फील म्हणजे हत्ती.
आणि माझा हत्ती त्याच्या कागदावर किल्ला.
पंच रोवेना, मूळची सेबूची, दोन्ही कागद बघून गेली.
चालतं. आपापल्या भाषेत लिहा.

गंमतच आहे.
कलहातच्या रस्त्यावर परवा आमची बस थांबली
ती एक उंटीण पिल्लाला घेऊन निवांत पलीकडे जाईस्तोवर;
अशा देशात पटावर उंट नाही.
आणि जयसिंगपुरात, जिथे उंट यायचा तो सर्कशीबरोबर,
दत्तू कंपाउंडरच्या पटावर चार-चार.

दवाखाना मिटला की तो बाकावर पट मांडायचा.
जुने नियम. प्यादं एकच घर चालणार.
प्यादेमात केली तर खोकल्याची गोड गोळी.
समोरच्याचा राजा एकटा उरला की म्हणायचा, बुर्जी!
उठ, आवर, जिंकलं कुणी नाही.

चोविसाव्या खेळीला माझी घाई नडली, प्यादं गेलं.
सालिम विचारात बुडाला. चौदा मिनिटं.
मी एसीखाली हातावर हात चोळत बसलो
आणि गेल्या शुक्रवारी कहवा ओतताना
त्याने सांगितलेलं आठवत राहिलो:
हजार वर्षांपूर्वीचा फील तिरका दोनच घरं उडायचा,
मधलं घर ओलांडून.
आख्ख्या पटावर त्याच्या वाट्याची घरं आठ.
बाकी छप्पन्न नुसती दिसायची.

मी मोजलं. कॅम्पची खोली, बस,
गॅस प्लांटचा गेट तीन, मेस,
पैसे पाठवायची खिडकी, जिथला मुलगा मला काका म्हणतो,
शुक्रवारचा किनारा,
हे टेबल.
सात झाली. आठवं आठवेना.
तेवढ्यात करंगळी पडली घड्याळावर.

पुढचं सगळं पडझडीचं.
हत्तीला हत्ती, वजिराला वजीर,
एकेचाळिसाव्या खेळीला त्याचा उंट, दोन प्यादी;
माझा एक घोडा, सहा मिनिटं,
आणि साडेपाचची बस.

मग ते दिसलं.
आधी पोटात दिसलं, डोळ्यांना नंतर.
त्याचा उंट पांढऱ्या घरांचा.
कडेचं प्यादं जिथे वजीर होणार तो कोपरा काळा.
घोडा उचलला, एफ-चारवरचं प्यादं मारलं.
त्याच्या राजाने घोडा खाल्ला. खाऊ दे.
माझा राजा जी-सात, मग एच-आठ,
भिंतीला पाठ लावून बसला.
उंट सगळीकडून आला. लांबून, जवळून, मागून.
कोपऱ्याला हात लागेना.

सालिमने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
हात पुढे केला.
म्हणाला, जुन्या शतरंजात तू हरला असतास.
उघडा राजा म्हणजे गेलेला राजा.
मी म्हटलं, आमच्याकडे बुर्जी.
काय?
बुर्जी. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला,
खजुराची बी तोंडात फिरवावी तसा.

रोवेनाने सह्या मागितल्या.
अर्धा त्याला, अर्धा मला.
सालिम उठला नाही. सोंगट्या परत मांडू लागला,
आणि उंट हातात धरून म्हणाला,
त्या काळी तुझे दोन, माझे दोन,
चौघांची घरं वेगळी. जन्मात गाठ पडायची नाही.

पावणेदोन वाजले होते.
बाहेर खाडीकाठी अर्धवट बांधलेलं गलबत,
फासळ्या उघड्या, आत दिवा ठेवून कुणी झोपलेलं.
झोपायला जायला हवं होतं मलाही.
मी खुर्ची पुढे ओढली.
म्हटलं, चोविसावी खेळी दाखव. कुठे चुकलो?