सत्याऐंशी नंबर

केबलवाल्या मेस्त्रीचं चॅनल होतं, सत्याऐंशी नंबर.
प्रभादेवीतली प्रत्येक कबड्डी लाइव्ह,
खाली साड्यांच्या सेलची पट्टी,
वर टिपणीसांचा बसलेला घसा:
"हेमांगी चढाईला... दम बघा पोरीचा!"

लेकीचा सामना. मैदानावर जायचा धीर नव्हता मला,
घरातच, तोंडावर पदर धरून बघायचे.

आता त्या नंबरावर निळा पडदा.
मोठ्या चॅनलवर मॅट, झगमगाट,
आमची तांबडी माती कुठेच नाही.

खिडकीत बसते.
आरोळीवरून ओळखते:
बोनसची आखूड, पकडीची लांब.

फक्त सगळं मैदान एकदम गप्प होतं ना,
तेव्हा काही कळत नाही.
कॅमेरा तरी दाखवायचा
गुडघा कुणाचा ते.