तिसरा रकाना

पंचनाम्याच्या तिसऱ्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
छापील जागा बोटभर.
म्हणून गेली अकरा वर्षं मी लिहीत आले : वादळ.

बाळगोंडा मगदूम, आमचा कोतवाल,
हातकणंगल्याच्या वाटेवर गाडी थांबवून म्हणाला,
"बाई, कुठलं वादळ? आधी ऊस तरी बघा की."

पहिलं रान. सगळा ऊस शेंडे पन्हाळ्याकडं करून
एका कुशीवर निजलेला.
हा सरळ आलेला वारा, सांगलीच्या अंगानं,
वळवाच्या पुढं पळत, धुळीची भिंत ढकलत.
त्याला नुसतं जायचं होतं.
वाटेत आपण होतो.

दुसरं रान हाकेच्या अंतरावर.
मधोमध ऊस भुईला चिकटलेला
आणि तिथून चहूकडं, बाहेर बाहेर आडवा,
भरली घागर उंचावरनं आदळावी
आणि पाणी फाकावं तसा.
"ह्यो वरनं पडलाय," बाळगोंडा म्हणाला.
ढगातनं गार हवेचा लोट सुटतो, जमिनीवर आपटतो,
मग वाट मिळेल तिकडं फुटतो.
विजेचे तीन खांब, तोंडं तीन दिशांना.
मागं चालत गेले. तिघांच्याही मागं तीच एक जागा.

वावटळ पिळते.
पारिसा चौगुल्यांच्या गुऱ्हाळाचे दोन पत्रे
तिनं धुण्यासारखे पिळून चिंचेवर टाकलेत;
शेजारच्या दोरीवरचं लुगडं मात्र जागच्या जागी,
चिमट्यासकट.
तिच्या वाटेची रुंदी मी पावलांनी मोजली.
बावीस भरली.

आणि ते समुद्रातलं?
ते नाव लावून येतं, चार दिवस आधी बातम्यांत.
घाट चढेस्तोवर दमतं, गगनबावड्याला खोकतं,
इथं येऊन नुसतं भिजवत बसतं.
तिसऱ्या रात्री, वारं पडल्यावर,
चावडीपुढचा गुलमोहर मुळासकट आडवा होतो
कुणी हातसुद्धा लावला नसताना.
त्याचा पंचनामा मी कशावर करू?

शेवटचं घर आक्काताई नेजकरांचं.
गोठ्याचं छप्पर ओढ्यात.
मी पेन उघडलं.
"वारं हुतं की," त्या म्हणाल्या,
"पण सरळ न्हवं, वरनं न्हवं, पिळूनबी न्हवं.
रोज सांजच्याला असतंय तेवढंच.
पत्र्याचे नट आवळायचे राहिलेत दिवाळीपास्नं.
पोराला सांगून सांगून दमले.
वाऱ्यावर उगा आळ कशाला?"

बाळगोंडा बांधाकडं बघत उभा राहिला.
उघड्यावर म्हैस निवांत रवंथ करत होती,
तिच्या पाठीवर ऊन.

मी लिहिलं, वा
आणि थांबले.
वादळ त्यानंच सुरू होतं,
वावटळ त्यानंच,
आणि रोज सांजचं वारंही.