पेटीची मागची बाजू

बुधवारी संध्याकाळी ट्रॉलीबसमधून उतरते
आणि झ्लीनच्या त्या लाल विटांच्या इमारतीत शिरते
जिथे पूर्वी बुटांचे तळवे कापायचे.
आता तिथे कागद, कडक खुर्च्या
आणि हनाक सर.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमची खोडरबरं गोळा केली,
बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं.
"चुकलेली रेघ राहू दे.
बरोबर रेघ तिच्या शेजारी काढ,
तिला सोबत लागते."
मी सव्वीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवले.
तिथे चुकलेला टाका म्हणजे वाया गेलेलं कातडं
आणि कातड्याचे पैसे पगारातून.
कारखाना बंद पडला, तरी हात अजून
त्याच पगाराला भितो.

महिनाभर नुसत्या रेघा.
या टिंबापासून त्या टिंबापर्यंत.
आधी पेन हवेतच दोनतीनदा फिरवायचं,
कागदाला न शिवता,
मग एका दमात सोडून द्यायचं.
न शिवता!
जन्मभर शिवत आलेल्या बाईला
बावन्नाव्या वर्षी कुणीतरी हे सांगितलं.

"मनगट नको, ब्लाझेना. खांद्यातून."
त्यांचं स्वतःचं मनगट थरथरतं.
कप बशीवर वाजत राहतो,
आम्ही खिडकीबाहेरचा बर्फ बघतो.
पण फळ्यापाशी गेले की तोच हात
दीड मीटर रेघ ओढतो, ताणलेल्या दोऱ्यासारखी.
रादिमने विचारलंच एकदा.
एकोणीस वर्षांचा आहे, त्याला विचारता येतं.
सर म्हणाले, "थरथर मनगटात राहते.
खांद्याचा पत्ता तिला अजून मिळालेला नाही."

मग लंबवर्तुळं. शंभर. पुन्हा शंभर.
बरणीचं तोंड, किटलीचं झाकण, नळाची चकती.
जग बहुतेक गोलच आहे,
आपणच नेमके तिरके बसलेले.
नजरेच्या उंचीला गोल मिटतो पापणीसारखा,
खाली उतरावा तसा उघडत जातो.
माझे सगळे बटाटे झाले.
"यंदा पीक चांगलं आहे," सर म्हणाले.

आणि मग ती पेटी.
साधी, सहा बाजूंची, काचेची समजायची.
"दिसत नाहीत त्या कडाही काढ, फिक्या.
मागचा कोपरा कुठे टेकलाय हे ठाऊक नसेल
तर पुढचा कोपरा थाप मारतोय."

घरचा अभ्यास: हाताला पाठ असलेली एक वस्तू.
मी माझं शिवणयंत्र काढायला बसले.
भंगारात जाऊन तेरा वर्षं झाली त्याला.
पुढून सगळं आठवलं:
चाकाची झिजलेली कड, सुईखालचं भोक,
अंगठ्याने गुळगुळीत केलेला रंग.
मागे गेले, तर काहीच नाही.
सव्वीस वर्षं मी समोरून बसले होते,
मागची बाजू मी कधी बघितलीच नव्हती.

रात्री दहाला झ्दिस्लावाला फोन केला.
ती माझ्या समोरच्या रांगेत असायची,
तोंड माझ्याकडे करून.
"माझ्या यंत्राच्या मागे काय होतं गं?"
"झोपली नाहीस का तू?" मग बराच वेळ गप्प.
"दिव्याचं बटण. खाली दोन स्क्रू...
नाही, एकच. दुसऱ्या भोकात काडेपेटीची काडी खोचलेली.
आणि वर तुझं कपाळ.
सोमवारी हमखास आठी असायची."

काडी काढली. फिकी, पेटीच्या पलीकडून दिसेल तेवढीच.
मग बाहेरच्या कडा गडद केल्या,
दोनदा हवेत, एकदा कागदावर.

सरांनी थरथरतं बोट नेमकं तिच्यावर ठेवलं.
"हे काय?"
"स्क्रू नव्हता, सर."
त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.
"टेकलंय," म्हणाले. एवढंच.

पुढच्या बुधवारी सावल्या.
प्रत्येकाने घरून
एक दिवा आणायचा आहे.