नऊ हजार सहाशे

लर्विकच्या धक्क्यावर दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
रॅस्मी टेबलाशी, चष्मा कपाळावर.
समोर बापाचं तळहाताएवढं यंत्र,
बिजागरीला चिकटपट्टी,
आत दोन नव्या बॅटऱ्या.

नव्या कॉम्प्युटरला नऊ पिनांसाठी
भोकच नाही.
म्हणून केबलला केबल, तिला अडॅप्टर,
अबर्डीनहून बोटीने आलेला.
जोडलं. काही नाही.
पुन्हा जोडलं. पडद्यावर नुसती चिन्हं,
झोपेत कुणी बरळावं तशी.

मग लक्षात आलं, नवाच फार भरभर बोलतोय.
वेग उतरवला एकेक पायरी,
जिन्यात म्हाताऱ्याचा हात धरून उतरावं तसा.
नऊ हजार सहाशे.

आणि आलं. सावकाश, ओळीमागून ओळ:
मेंढ्या एकेचाळीस, एक लंगडी.
भरती चार दहा.
वारा आग्नेय, बोट नाही.
पफिन परतले, सतरा एप्रिल.
रॅस्मीला फोन करायचा.

ही ओळ तीनदा, तीन वेगळ्या रविवारी.
तिन्हींपुढचा चौकोन रिकामा.

खाली कॉम्प्युटर विचारतोय:
दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत,
कुठल्या ठेवू?

रॅस्मी उठून किटली चढवतो.
केबल तशीच.
बॅटऱ्या नव्या आहेत,
रात्रभर पुरतील.