नववं घर, दहावं घर

नोव्हेंबर सरत आला की
चोडणला आमच्या वाड्यावर सायबीण फिरते.
रोज एका घरी मुक्काम,
दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्या घरच्यांनीच
तिला पुढल्या घरी पोचवायची.
कपेलाच्या दारावर यादी लागते.
आमचं घर नववं.
दहावं रुझारचं.

मध्ये तीसेक पावलं, मोडकं कुंपण
आणि अकरा वर्षं.

त्या साली मानशीचं दार त्यानं रात्री उघडं ठेवलं
चार किलो कोळंबीसाठी,
नि खारं पाणी माझ्या शेतात शिरलं.
भात उभ्याउभ्या करपलं.
त्यानं कधी कबूल केलं नाही.
मीही त्याला कधी विचारलं नाही,
फक्त इतरांना सांगत फिरले.

तेव्हापासून सायबिणीला पलीकडे पुतण्या न्यायचा.
मी अंगणात थांबायचे, डोकं दुखतंय म्हणायचे.
यंदा इनास बोटीवर आहे.
डोकं दुखून भागणार नव्हतं.

प्रार्थनेत मी कधी कमी पडले नाही.
तापातसुद्धा तेर्स चुकवला नाही.
तुझ्यावर भरवसा आहे, असं आल्तारासमोर
इतक्यांदा म्हटलंय
की आता ओठ आपले आपणच म्हणतात.
सोपं होतं ते.
देव माझ्या छपराखाली होता
आणि भिंती माझ्या होत्या.

काचेची पेटी उचलली.
नऊ महिन्यांच्या लेकराएवढं वजन.
दोन्ही हात गुंतले की माणसाला
डोळे पुसता येत नाहीत,
फाटक लावून घेता येत नाही.
मागे सगळा वाडा मेणबत्त्या घेऊन,
मेस्त सांतानचं व्हायोलिन, त्याची एक तार कायम सैल,
कुणाचं तरी पोर पेंगत कण्हणारं.
पुढे कुणीच नाही.
पेटीआड मला माझे पाय दिसेनात.
तिथे कुंपणापाशी थांबले.
खरं सांगते, परत फिरायचाच विचार होता.

पलीकडून एफिजेन आली, रुझारची बायको.
हातातली विजेरी तिनं माझ्या तोंडावर नाही,
खाली, पावलांपाशी धरली.
"पायरी आहे गं. सावकाश."

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

रुझार खुर्चीत होता.
गेल्या फेस्तापासून त्याची उजवी बाजू गेलीय,
हे मला माहीत होतं.
माहीत असून मी गेले नव्हते.
डाव्या हातानं त्यानं खुरीस काढला,
चुकतमाकत, पोरं पहिल्यांदा काढतात तसा.
मग काहीतरी बोलला. ओठ वाकडे, शब्द ओले.
'मानस' म्हणाला की 'मारिया',
कळलं नाही.
मी पुन्हा विचारलं नाही.

लादायन्य सुरू झाली.
नावामागून नाव, आणि प्रत्येक नावामागे आमचं तेच,
आमच्यासाठी विनंती कर.
आमच्यासाठी.
लहानपणापासून म्हणत आलेय हा शब्द,
त्यात कोण कोण बसतं
ते कधी मोजलं नव्हतं.
समोर रुझारची मान एका बाजूला कललेली,
आणि तो माझ्याबरोबर,
अर्धा सूर मागे,
माझ्यासाठीही म्हणत होता.

राग गेला असं मी पाद्रीलाही सांगणार नाही.
गेलेला नाही. घरी आले तेव्हा
आल्तारावर पेटीच्या जागी धुळीतला कोरा चौकोन होता,
आणि राग आपल्या जागी.
पण रात्री ओहोटी लागल्यावर
मानशीचं दार वाजलं.
भरती बाहेरून लोटते तेव्हा ते घट्ट मिटतं.
उघडतं ते आतल्या पाण्यानं ढकललं तर.
जन्मभर ऐकतेय तो आवाज,
काल जरा जास्त वेळ ऐकला.

एफिजेननं निघताना हातात वाटी दिली होती,
उकडलेल्या चण्यांची, वर खोबरं.
चणे उभ्यानंच खाल्ले.
वाटी धुतली, पालथी घातली.
शेजारची वाटी रिकामी परत जात नाही,
आईनं शिकवलेलं.
घरात गूळ आहे, नारळ आहे.
तांदूळ आहेत,
त्याच शेतातले.